साडेचारचं वर्तुळ

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या दुकानात दोन जावा बसत. थोरली कापायची आणि बोलायची. धाकटी शिवायची आणि ऐकायची. आपल्या बोलण्याच्या वाट्यातलं थोरलीने कधी कुणाला चिमूटभरही उसनं दिलं नव्हतं.

एके दिवशी मशीन चालवताना धाकटीच्या ओटीपोटात उजवीकडे दुखायला लागलं. पाळीही पंधरा दिवस लांबली. लग्नाला चार वर्षं झालेली, तेव्हा थोरलीने भलतीच आशा धरली आणि मापं घेता घेता तीन गिऱ्हाइकांच्या कानावर घातलीही. सोनोग्राफीत निघाली ती उजव्या ओव्हरीवरची गाठ. डॉक्टरीणबाई भेटणार दोन दिवसांनी, आणि दोन दिवस रिपोर्ट नुसता पडू देणं थोरलीच्या रक्तात नव्हतं.

"सिस्ट, साडेचार," तिने चष्मा सावरत वाचलं. त्या दुकानात बावीस वर्षं साडेचार म्हणजे साडेचार इंचच. आकड्यापुढची अक्षरं तिने कधी वाचली नव्हती, आज कशाला वाचेल? तिने तपकिरी कागदावर खडूने वर्तुळ आखलं, कापलं आणि धाकटीच्या पोटावर धरलं.

"अगं बाई! शर्टाच्या खिशाएवढी की!"

"ताई, एवढी मावेल पोटात?"

"मावलीय ना? आता काढूनच टाकायची. ओव्हरीसकट गेली तरी दुसरी आहेच. दोन असतात कशाला मग?"

त्या दुपारी धाकटीने एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. थोरलीने चूक पाहिली, मुकाट्याने उसवली आणि ओरडली नाही. धाकटीच्या छातीत खरी धडकी भरली ती तेव्हा.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर थोरलीने पर्समधून ते वर्तुळ काढून ठेवलं. "बघा, अगदी मापात आणलीय."

बाईंनी वर्तुळ पाहिलं, रिपोर्ट पाहिला, मग थोरलीच्या गळ्यात राहून गेलेली मापाची टेप पाहिली.

"ही जरा उलटी करता?"

थोरलीने केली. इंचांच्या बाजूचे आकडे बोटांनी पुसत आले होते. सेंटिमीटरची बाजू अजून कोरी करकरीत. साडेचारवर तिने अंगठा ठेवला आणि तिचा चेहराच उतरला. लिंबाएवढं. तेही लहान.

"बीज वाढतं ना, त्याच्याभोवती पाण्याची पिशवी असते," बाई म्हणाल्या. "दर महिन्याला ती फुटते आणि बीज बाहेर येतं. या खेपेला फुटली नाही, फुगत राहिली. भिंत पातळ आहे, आत नुसतं पाणी. अशा गाठी बहुतेक आपोआप जिरतात."

"पण मग... मूल?" धाकटीचं त्या खोलीतलं हे पहिलं वाक्य.

"अशा साध्या गाठीने सहसा काही अडत नाही. आठ आठवड्यांनी पुन्हा पाहू. मध्येच एकदम जोरात दुखलं, उलट्या, ताप किंवा चक्कर आली, तर मात्र लगेच निघून यायचं, घरी बसून सोसायचं नाही."

"आणि नाही जिरली तर?" थोरली.

"टिकून राहिली, वाढली किंवा काही वेगळं दिसलं, तर दुर्बिणीने काढता येते. शक्यतो गाठ तेवढी काढतो, ओव्हरी ठेवतो."

"ऐकलंत ना ताई?" धाकटी म्हणाली. "ठेवतात."

पुढचे आठ आठवडे दुकानात एकच प्रश्न फिरत राहिला. शेवटी धाकटी कंटाळली.

"ताई, दिवसाला अकरा वेळा 'दुखतंय का' विचारता. आजचे नऊ झालेत. दोन जपून वापरा."

"वापरते. दुखतंय का?"

दुसरा रिपोर्ट आला तो धाकटीने थोरलीला हातच लावू दिला नाही. स्वतः वाचला, आकड्यापुढची अक्षरंसुद्धा. मग थोरलीच्या गळ्यातली टेप ओढून उलटी केली. "एक पूर्णांक सहा दशांश. सेंटिमीटर. बाई म्हणाल्या, आता काही करायला नको."

थोरलीने बटणांचा डबा उपडा केला, एक शोधून मापाला लावलं आणि मटकन बसली. "बटण! बटणापायी मी तुझी अख्खी ओव्हरी काढायला निघाले होते!"

मग डोळे पुसून तिने खणातून ते तपकिरी वर्तुळ काढलं.

"अजून टाकलं नाहीत?"

"बरं कापलं गेलंय. तान्ह्या बाळाच्या टोपीच्या माथ्याला बरोबर बसेल."

"तीन गिऱ्हाइकांना सांगून झालंय, आता टोपीही शिवून ठेवा!" धाकटीने कागद हिसकावला, घडी न घालता आपल्या मशीनच्या खणात सपाट ठेवला आणि खण लावून घेतला.