हिप्परग्याचा व्याही

मला एका जागी बसता येत न्हाय. आई म्हणायची, ह्याच्या बुडाखाली कुणीतरी भोवरा सोडलाय. म्हणूनच मी जुन्या मोटारसायकलींची दलाली करतो. दुकान न्हाय, गादी न्हाय, दिवसभर गावभर फिरायचं. आणि असल्या माणसाचा जिवलग दोस्त कोण, तर पंचाक्षरी. त्याला रविवारी तळ्याकाठी तासन्‌तास पाण्याकडं बघत बसायचं येड हाय.

पंचाक्षरीचं बाळीवेशीत भांड्यांचं दुकान. लिंगायत माणूस, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, घरात अंडंसुद्धा येत न्हाय. आणि नाद मासे धरायचा. खायचा न्हाय, नुसता धरायचा. त्यातबी नियम असा, की माशाला हात लावायचा न्हाय. गळ त्याचा, कणकेचा गोळा त्याचा, मासा वर आला की काढायला मी. बारका असला तर मी पाण्यात सोडतो, मोठा असला तर माझ्या पिशवीत जातो. घराजवळ सिद्धेश्वराचं तळं हाय, पण तितं दर दहा पावलांवर गिऱ्हाईक भेटतंय. म्हणून आमी हिप्परग्याला जातो. बायकोला तो सांगतो, गणपतीला चाललो. गणपतीचं देऊळ वाटेवरच हाय, गाडीवरनंच हात जोडतो. म्हणजे सगळंच खोटं न्हाय.

त्या रविवारी दुपारी चारला त्याच्या दानेश्वरीला बघायला येणार होते. बघायला म्हणजे नावाला. दानी आणि मैंदर्गीचा शिवानंद पुण्यात एकाच ऑफिसात, दोघांनी आपापसात ठरवून टाकलेलं. जात जुळली, शिक्षण जुळलं. राहिली एकटी शिवानंदची आई, काशम्मा. लई कडक बाई. तिनं घर बघून हो म्हणलं तरच पुढचं. दानीनं बापाला बजावलं होतं, "पप्पा, त्या दिवशी काही गडबड करू नका. आणि आजिनाथ काकाला जास्त बोलू देऊ नका." हे मला पंचाक्षरीनंच हसत हसत सांगितलं. मला राग न्हाय आला. पोरगी हुशार हाय.

सकाळी मी गेलो तर हा सोफा ह्या भिंतीकडनं त्या भिंतीकडं सरकवत होता.

"भावजी, ह्यांना कुटंतरी न्या ओ," गौरावहिनी म्हणाली. "सकाळपासनं तिसऱ्यांदा सरकवला. जावा गणपतीला, मन शांत होईल. पण दुपारी लवकर या."

मला तेच पायजे होतं.

संक्रांतीची गड्डा यात्रा नुकतीच झालेली. सोलापूरला थंडी म्हणजे चार दिवसांची पाव्हणी, त्यामुळं तिचा मान लई. पंचाक्षरीनं माकडटोपी घातली, वरनं मफलर गुंडाळला, नुसते डोळे उघडे. थंडीचं कारण निम्मं खरं, निम्मं हे की कुणी ओळखू नये. माझं तोंड उघडंच. मला कुणी ओळखलं तरी काय फरक पडतोय.

पाण्यावर धुकं होतं. गळ टाकून बसलो. पण आज पंचाक्षरीच माझ्यासारखा झाला होता. पाच मिनिटं झाली की गळ वर काढून बघायचा.

"आज्या, ती बाई पायऱ्या मोजंल का रे?"

"कसल्या पायऱ्या?"

"आपल्या घराच्या. चढताना. गुडघं दुखतंय म्हणून न्हाय म्हणली तर?"

"मंग लिफ्ट बसव. चारपर्यंत हुतंय."

"तू गप बस," तो म्हणाला आणि परत गळ वर काढला. कणकेचा गोळा तसाच होता.

मी उठलो, बसलो, खडे मारले, शिव्या खाल्ल्या. तेवढ्यात पलीकडनं हाक आली. "ओ पाव्हणं, जरा हिकडं येता का?"

बाभळीच्या पुढं एक माणूस उभा होता. माकडटोपी, स्वेटर, धोतर. गळाला चांगला हातभर रोहू लागलेला, आणि हा काठी अंगापासनं लांब धरून उभा, जसं काय टोकाला साप हाय. मी गेलो.

"काढता का तेवढा? आपल्याला हात लावायला चालत न्हाय," तो म्हणाला.

"खाता तरी का?"

"छे छे. शिव शिव."

मला हसू आवरंना. म्हणलं जगात असा एकच नमुना असंल, तर हा दुसरा. मासा काढला, "घेऊन जावा तुमीच," तो म्हणाला, मी पिशवीत टाकला. वळलो आणि बाभळीखाली गाडी बघितली.

जुनी येझ्दी. पोपटी टाकी, मागं पत्र्याची पेटी. माणसाचं तोंड मी विसरतो, गाडी विसरत न्हाय. आठ दिवसांमागं पंचाक्षरीनं मला मोबाईलवर शिवानंदच्या घरच्यांचा फोटो दाखवला होता. मी पोराकडं बघितलंच न्हाय. मागं दारात ही येझ्दी उभी होती. म्हणलं ही विकायची हाय का विचार, तर त्यानं माझ्या पाठीत गुद्दा घातला होता.

म्हणजे हे रेवणप्पा. शिवानंदचे वडील. मैंदर्गीत सगळी ओळखणारी, म्हणून हितवर येऊन गळ टाकतोय.

आयुष्यभर मी लोकांच्या फिरक्या घेतल्या, पण सगळ्या मला स्वतःला जमवाव्या लागल्या. ही आयती. ठरवलं, बोलायचंच न्हाय. चारला दोघं समोरासमोर आले की बघू.

परत येऊन बसलो. बसवंना. पाय हलायला लागले. मांडी घातली, मोडली.

"कोण हाय रे तो?" पंचाक्षरी म्हणाला.

"हाय कोणतरी. मासा शिवत न्हाय म्हणं."

"शिवत न्हाय? मंग गळ कशाला टाकतोय? असली ढोंगी माणसं बघितली की माझं टाळकं फिरतंय."

मी त्याच्याकडं बघितलं. तो खरंच रागानं बोलत होता. त्याच्या डोक्यात स्वतःचा विचारसुद्धा आला न्हाय.

आता मात्र माझी गंमत नासायला लागली. हा असाच काहीतरी बोलून बसला आणि तो माणूस चारला दारात उभा राहिला, तर भोगायचं कुणी? दानीनं. शेवटी सांगून टाकलं.

"पंचाक्षऱ्या, तो तुझा व्याही हाय. रेवणप्पा. गाडी बघ, फोटोतली."

त्यानं गाडीकडं बघितलंसुद्धा न्हाय. माझ्याकडं बघितलं.

"फ्लेक्स," तो म्हणाला.

गेल्या साली मी त्याच्या नावाचा फ्लेक्स चौकात लावला होता. भावी नगरसेवक, हात जोडलेला फोटो. दुसऱ्या दिवशी बायका घागरी घेऊन दुकानात, नळाला पाणी कधी सोडता म्हणून. ते तो विसरला न्हाय.

"फ्लेक्स वेगळा. आईशपथ खरं सांगतोय."

"तुझ्या आईच्या शपथा तू किती खाल्ल्यास. हा माणूसबी तूच उभा केला असशील. थांब, तुला दावतोच." आणि हा उठला, मफलर वर ओढला आणि सरळ त्या माणसाकडं चालायला लागला. मी मागं पळालो, बाही धरली, झटकून टाकली.

"शरणार्थ व्याही," हा मोठ्यानं म्हणाला, माझ्याकडं बघत, की बघ, मी फसत न्हाय. "मासं धरायचं पण शिवायचं न्हाय, असं ऐकलं. लई सोवळं. पोराच्या लग्नात पंगतीला काय वाढणार? गांडुळाची उसळ?"

"याक्री, का ओ, कोण तुमी?" तो माणूस चकित झाला. "प्यायलाय का सकाळी सकाळी?"

"सुम्न कुंद्रु," पंचाक्षरीबी कानडीत म्हणाला. म्हणजे गप बस. "गळ्यात लिंग आणि हातात गळ. घरी बायकोला काय सांगून आलाय? देवाला चाललो?"

हे वर्मी लागलं. त्या माणसानं टोपी खसकन्‌ काढली. पांढऱ्या मिशा, कानापर्यंत कल्ले. "तोंड दाखव," तो ओरडला. "आधी तुझं तोंड दाखव, मंग बोल."

पंचाक्षरीनं तोंड दाखवलं न्हाय. त्याचे डोळे त्या मिशांवर खिळले होते, फोटोतल्याच मिशा. हळूच मागं वळला आणि चालायला लागला, जसं काय लघवीला चाललाय. मागं त्या माणसानं गळ गुंडाळला, येझ्दीला तीन किका मारल्या, आणि निघून गेला.

पंचाक्षरी चिखलात खाली बसला.

"आज्या, तू खरं का बोललास?" तो म्हणाला. "तू कधी खरं बोलतोस का?"

मीबी शेजारी बसलो, विचार केला. रेवणप्पांनी ह्याचं तोंड बघितलं न्हाय, आवाज ऐकलाय. माझं तोंड मात्र जवळनं बघितलंय. म्हणून ठरलं, घसा बसलाय म्हणून हा बोलणार न्हाय, आणि मी फिरकणार न्हाय.

मी घरी गेलो खरा. रोहू बायकोकडं दिला. तिनं विचारलं, कालवण की तळू, मी म्हणलं काय पण कर. ती माझ्या कपाळाला हात लावून ताप बघायला लागली. घरात चार फेऱ्या मारल्या आणि पावणेचारला पंचाक्षरीच्या माडीच्या मागल्या दारानं स्वयंपाकघरात हजर.

"बरं झालं आला," वहिनी म्हणाली. "ह्यांचा घसा बसलाय, तुमीच बसा पुढं."

"मी शिरा हलवतो," म्हणलं आणि तिच्या हातातनं झारा घेतला.

पडद्याच्या फटीतनं सगळं दिसत होतं. काशम्मा मधी. बुटकी, ताठ, नजर घरातल्या प्रत्येक वस्तूवर थांबून जाणारी. शिवानंद घामेजलेला. रेवणप्पा खिडकीकडं तोंड करून, मिशा पडलेल्या. समोर पंचाक्षरी मफलर गुंडाळून मुका. दानी चहा ठेवून दारापाशी उभी.

"हे भेटले तेव्हापासनं असेच हायती," काशम्मा म्हणाली. "सकाळी आडतीवर कामाला गेले, तितं कुणीतरी भांडलं म्हणं. आमी गाडीतनं आलो, हे आधीच फटफटीवर आलेले." मग तिचा सूर मऊ झाला. "गौरम्मा सांगत होत्या, तुमी दर रविवारी हिप्परग्याच्या गणपतीला जाता. असला माणूस व्याही मिळाला, आमाला अजून काय पायजे. आमचं ठरलं."

दानीनं शिवानंदकडं बघितलं. मी झाऱ्यासकट हात जोडले. सुटलो.

"फक्त आमच्याकडं एक रीत हाय," काशम्मा म्हणाली. "पोरीच्या बापानं तोंडानं म्हणायचं, पोरगी दिली. घसा बसला असला तरी दोन शब्द हुतील की."

पंचाक्षरीनं पडद्याकडं बघितलं. मी फटीतनं हात हलवला, कुजबुज, नुसतं कुजबुज. त्यानं पाणी प्यायलं. मफलर सोडला. दानीकडं बघितलं. हे तोंड मला ओळखीचं होतं. हा माणूस गिऱ्हाइकाला पोचा आलेलं भांडं विकताना असं तोंड करतो, आणि मग विकत न्हाय.

"पोरगी दिली," तो भरल्या आवाजात, चांगला खणखणीत म्हणाला. "पण आधी एक ऐका. मी देवाला जात न्हाय. तळ्यावर मासं धरायला जातो. आज सकाळीबी गेलो होतो. तितं एका भल्या माणसाला मी नको ते बोललो. त्याची काय चूक नव्हती. त्याची माफी मागितल्याशिवाय मला पोरगी देता येत न्हाय."

रेवणप्पांची मान पहिल्या दोन शब्दांनाच वळली होती.

माझ्याशेजारी वहिनी उभी होती. "किती वर्षं?" ती हळूच म्हणाली.

"वहिनी, जाताना हात जोडतो तो. खरंच."

बाहेर काशम्मा उठली. पदर सावरला. "मासं धरणाऱ्याच्या घरात आमी सोयरीक करत न्हाय. चला."

शिवानंद म्हणाला, "आई," आणि थांबला. दानीनं दाराची चौकट धरली. काशम्मा उंबऱ्यापर्यंत गेली, मागं वळली. नवरा बसलेलाच.

"उठा की."

रेवणप्पा पंचाक्षरीकडं बघत होते. मी पडदा मुठीत धरला होता, तो कधी धरला ते आठवत न्हाय.

"त्या माणसाचं नाव घेतलं न्हाय तुमी," रेवणप्पा म्हणाले.

"मला काय अधिकार," पंचाक्षरी म्हणाला.

रेवणप्पांनी मिशांवरनं हात फिरवला. "काशम्मा, खाली बस. तो माणूस मी."

काशम्मा बसली. उंबऱ्याकडनं परत येऊन, खुर्चीच्या काठावर. तिनं एकाएकाकडं बघत विचारलं, "खाता?"

"न्हाय," दोघं एकदम.

"हात लावता?"

"न्हाय."

"मंग गळातनं काढतंय कोण?"

मी एक पाऊल मागं सरलो, पण वहिनीनं माझी कॉलर धरली आणि पडद्यातनं बाहेर ढकललं. हातात झारा, झाऱ्याला शिरा. रेवणप्पा मला बघून मान खाली घालून हसायला लागले, आवाज न काढता, खांदे गदगदत.

काशम्मा हसली न्हाय. माझ्याकडं बघितलं, झाऱ्याकडं बघितलं, मग दानीकडं. पोरीचे डोळे भरलेले, पण ओठ दाबून धरलेले, कारण तिलाबी हसू येत होतं. काशम्मानं ते बघितलं आणि एक मोठा श्वास सोडला.

"गौरम्मा," ती म्हणाली, "पाणी तापवा. ह्या दोघांना आधी डोक्यावरनं आंघोळ घाला. मंग कुंकू लावू पोरीला."

वहिनीनं जाऊन गिझर लावला, बादली भरली, दोन टॉवेल आणले आणि पंचाक्षरीच्या हातात असे दिले की तो एक पाऊल मागं गेला. त्याचा हिशोब रात्री हुणार होता.

बाथरूमच्या दारात दोघं उभे राहिले.

"तुमी आधी," पंचाक्षरी म्हणाला.

"न्हाय न्हाय, घर तुमचं. तुमी आधी."

"पाव्हण्यांचा मान."

"वयानं तुमी मोठे असाल."

मी भिंतीला टेकून उभा होतो, आणि मला बोलायची लई हुक्की येत होती. दानी पुढं आली, माझ्या हातातला झारा काढून घेतला.

"पप्पा, मामा," ती म्हणाली, "कुणीतरी एकजण आत जावा. पाणी गार व्हायला लागलंय."