लेकीने पाठवलेल्या गोळ्या

गल्लीतली पोरं तिला सुईबाई म्हणत आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. एकतीस वर्षं तिने लॅबमध्ये लोकांचं रक्त काढलं. कुणाची शीर सापडेना की डॉक्टरसुद्धा म्हणत, सुईबाईला बोलवा. ती यायची, दंडाला पट्टा आवळायची, दोन बोटं फिरवायची, आणि पेशंटने डोळे घट्ट मिटेपर्यंत काम उरकलेलं असायचं. सुई टोचण्याआधी तिचा एक प्रश्न मात्र ठरलेला. "गोळ्या कोणत्या चालू आहेत? ताकदीच्या, झोपेच्या, शेजारणीने दिलेल्या, सगळ्या सांगा." कुणी 'नाही' म्हटलं की ती पुन्हा विचारायची, कारण 'नाही' म्हणणाऱ्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी ती स्वतः त्याच खुर्चीत बसली, वर्षाच्या नेहमीच्या तपासण्या करायला. समोर तिच्याच हाताखाली शिकलेली टेक्निशियन.

"काकू, गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"एकही नाही. तू आधी पट्टा नीट बांध."

बिचारीने पट्टा नीट बांधला. काकूंना पुन्हा विचारायची तिची काय टाप होती!

साखर ठीक, हिमोग्लोबिन ठीक, पण थायरॉइडचा रिपोर्ट बघून सुईबाईने चष्मा पुसला. टीएसएच तळाला, टी-फोर, म्हणजे ग्रंथीचं संप्रेरक, छपराला. टीएसएच म्हणजे मेंदूने थायरॉइडच्या ग्रंथीला मारलेली हाक. ग्रंथी आपणहून वाजवीपेक्षा जास्त काम करायला लागली की मेंदू हाका मारणं बंद करतो. हे तिने इतक्यांना समजावलं होतं की झोपेतही सांगितलं असतं.

डॉक्टर रिपोर्ट बघून घुटमळले. "आकडे म्हणतात ग्रंथी उधळली आहे. पण तुमचे हात थरथरत नाहीत, वजन तसंच, नाडी बहात्तर. आठ दिवसांनी पुन्हा रक्त काढू, मग औषधाचं ठरवू."

लेकीला सांगायचं नाही असं तिने जिन्यातच ठरवलं होतं. पण लेकीचा फोन आला आणि पोटात काही राहिलं तर ती आई कसली. लेक दूर, विमानाने दीड दिवसाच्या अंतरावर. घरी येऊन पाच वर्षं झाली, दर वर्षी 'पुढच्या वर्षी नक्की येते' व्हायचं. बाप गेल्याला नऊ वर्षं होऊन गेली होती. सुईबाई कधी 'ये' म्हणाली नाही. पोरीच्या कामात आपली लुडबुड नको, हा तिचा बाणा. मेला बाणा!

"आई, कॅन्सर नाही ना?" लेकीचा आवाज चिरकला.

"छे गं. थायरॉइड आहे, गळ्यातली एवढीशी ग्रंथी."

"मी येते. महिनाअखेरचं तिकीट काढते. तू एकटी डॉक्टरकडे जायचं नाहीस."

फोन ठेवला तेव्हा सुईबाईचा आनंद पोटात मावेना. आजारी माणसाने इतकं खूश होऊ नये, हे कळत होतं, पण वळत नव्हतं. तिने बाजूची खोली उपसली, शिलाईचं मशीन बाहेर ओढलं, गादीला ऊन दाखवलं. लेकीला उशी पातळ लागते म्हणून जाड उशीतला कापूस काढून नवी शिवली. दोन दिवस ती घरात गुणगुणत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळून तिने रोजच्यासारखी जांभळी बाटली उघडली. लेकीने चार महिन्यांपूर्वी पार्सलमधून पाठवलेली. 'आई, केस गळतात म्हणालीस ना, या घे', अशी चिठ्ठी आत होती. चिठ्ठी तिने कपाटात जपून ठेवली होती. गोळी तळहातावर घेताना सहज नजर लेबलवर गेली आणि हात तिथेच थांबला. बायोटिन, दहा मिलिग्रॅम.

आता यात काय ते हिला कुणी शिकवायला नको होतं. लॅबचं मशीन ज्या रसायनावर चालतं त्यात बायोटिनच वापरलेलं असतं. पेशंटच्या रक्तातही ते भरपूर असलं की मशीन गंडतं आणि थायरॉइडचे आकडे उलटेपालटे छापतं. माणूस ठणठणीत, रिपोर्ट आजारी. नवख्या टेक्निशियन पोरींना हे तिनेच घोकायला लावलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तिने खोटं सांगितलं नव्हतं हो. तिच्या लेखी ती गोळी नव्हतीच. सकाळी चहाबरोबर लेकीचं काहीतरी तोंडात पडायचं, एवढंच.

गोळ्या चार दिवस बंद केल्या की आकडे सरळ होणार, आणि आकडे सरळ झाले की तिकीट रद्द होणार.

आणि घेत राहिलं तर? कुणाला कळणार होतं? खोटं एक अक्षर बोलायचं नव्हतं. रोज चहाबरोबर एक गोळी, बास. लेक येईल, आठ-पंधरा दिवस राहील, मग हळूच बाटली लपवायची. विचार इतका सोपा होता की तिला स्वतःचीच भीती वाटली. तिने गोळी बशीत ठेवली. चहा निवून गेला.

दुपारी ती आवरलेल्या खोलीत पातळ उशीवर हात ठेवून बसली. 'कॅन्सर नाही ना' म्हणतानाचा तो चिरका आवाज काही केल्या कानातून जाईना. भीतीने धावत आलेली पोर माझी नाडी बघत बसेल, माझ्याकडे कधी बघेल? तिला लेक हवी होती, लेकीचा घोर नको होता. तिने बशीतली गोळी परत बाटलीत टाकली आणि टेक्निशियनला फोन केला. "मी बायोटिन घेत होते. हो, मीच. हसू नकोस. तुझी चूक एवढीच की दुसऱ्यांदा विचारलं नाहीस."

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला. टीएसएच दोन. डॉक्टरांनी अभिनंदन केलं. तिला रडू आलं, डॉक्टरांना वाटलं आनंदाचं.

संध्याकाळी तिने लेकीला सगळं सांगितलं, आवरलेल्या खोलीपासून गोळ्यांपर्यंत.

"म्हणजे मी पाठवलेल्या गोळ्यांनी?" लेक हसायला लागली. मग म्हणाली, "आणि केसांना फरक पडला का?"

"केसांचं मरू दे. तू पाठवल्यास म्हणून घेत होते. एक दिवस चुकवला नाही."

सुईबाईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला काही झालेलं नाही," ती म्हणाली. आवाज सरळ ठेवायला तिने टेबलाची कड धरली. "रिपोर्ट चांगला आहे. तरी येशील? मला तू हवी आहेस गं घरात. बाकी कारण काही नाही."

"पाच वर्षांत हे एकदाही म्हणाली नाहीस तू."

"एकतीस वर्षं दुसऱ्यांनाच प्रश्न विचारले. हा विचारायचा राहून गेला."

लेकीने नाक ओढलं. ती रडत होती हे सुईबाईला इतक्या लांबूनही कळलं.

"खोली आवरलीस ना?" लेक म्हणाली. "मग शिलाईचं मशीन परत आत ढकलू नकोस."