टकटक केली म्हणजे खरं

त्या घरात कुणी ओरडलं तर कुणी धावत जात नसे. शेजाऱ्यांना सुरुवातीला हे फार विचित्र वाटायचं. भिंतीपलीकडून "सोडा मला, सोडा!" अशी किंकाळी यायची आणि तिच्या पाठोपाठ कुकरची शिट्टी. मग हळूहळू कळलं की बाई आवाजाचा धंदा करते. कार्टूनमधला उंदीर, मालिकेतली खाष्ट सासू, बँकेच्या फोनवरची ती अति गोड बाई, सगळ्या हिच्याच घशातून निघतात. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात, हिने तर बोलून घर उभं केलं होतं. नवरा बोटीवर इंजिनात कामाला, वर्षातला बराचसा काळ समुद्रावर. त्यामुळे घरात माणसं दोनच, आई आणि चौदा वर्षांची लेक.

लेकीला सगळे ढब्बू म्हणत. बाळपणी ती होतीच तशी, गालांत डोळे बुडालेली. पुढे गाल ओसरले, नाव चिकटलं. आईच्या तोंडी ते नाव इतकं लाडाचं झालं होतं की त्याला काही अर्थ असतो हेच ती विसरून गेली होती.

घरात सतत सराव चाले, म्हणून एक नियम होता: सरावाच्या वाक्याला उत्तर द्यायचं नाही. उत्तर दिलं की बोलणाऱ्याची लय तुटते. मग खरंच काही सांगायचं असलं तर? त्यावर ढब्बूनेच लहानपणी युक्ती काढली होती. आधी हाताशी येईल त्यावर दोनदा टकटक करायची, दार, ताट, टेबल, काहीही. टकटक झाली की पुढचं वाक्य खरं, आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. "टकटक. गणितात नापास झाले." "टकटक. बाबांची बोट उशिरा येणार." टकटक करून खोटं बोलायचं नाही, चेष्टेतसुद्धा नाही. आई पोटासाठी दिवसभर खोटं बोलायची, पण टकटक करून एकदाही बोलली नव्हती. निदान तिची तशी समजूत होती.

बारीक होण्याच्या थेंबांची जाहिरात आली ती चार कामांसारखं एक काम म्हणून. पण जाहिरातवाल्याला काही केल्या आवाज पटेना. काचेपलीकडून तो पुन्हा पुन्हा म्हणे, "ताई, तुम्ही विकताय. विकू नका. स्वतःच्या मुलीला जवळ बसवून सांगताय असं म्हणा." शेवटी वैतागून तिने डोळे मिटले, मनातल्या मनात समोर ढब्बूला बसवलं आणि वाक्य म्हणून टाकलं, "राणी, आरशाला हसू देऊ नकोस तुझ्यावर."

"जमलं!" जाहिरातवाला म्हणाला.

"ताई, सुरुवातीला तुमची बोटं दोनदा वाजली टेबलावर," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "काढून टाकू का?"

"छे, छे, राहू दे. झकास आहे. लोकांचे कान टवकारतील," जाहिरातवाला म्हणाला.

ताईंनी हसून मान डोलावली. निघताना त्यांना थेंबांचं एक खोकं भेट मिळालं. घरी आल्यावर ते कपाटावर गेलं आणि विसरलं गेलं.

जाहिरात मात्र कुणाला विसरू देईना. टीव्हीवर बातम्यांच्या आधी तीच, फोनवर दोन व्हिडिओंच्या मध्ये तीच. शाळेतल्या पोरी बाकांवर बोटं वाजवून एकमेकींना "राणी, आरशाला..." म्हणू लागल्या. ढब्बू पहिल्या दिवशी नाचत घरी आली होती, "सगळ्यांना सांगितलं, माझी आई आहे ती!" आईलाही बरं वाटलं. कुणाला वाटणार नाही?

त्यानंतर भीती आली, पण ती पुढच्या दाराने आली नाही. आधी डबा रिकामा घरी यायला लागला, धुतलेला. शाळेत कुणी डबा धुतं का? मग आंघोळीला वेळ लागायला लागला. उकाड्यातही पोर लांब बाह्यांचा स्वेटर घालून बसे. विचारलं तर म्हणे, "थंडी वाजते गं, तुला काय त्याचं." एकदा केस विंचरताना आईच्या बोटांना मानेमागचं हाड लागलं. वाढीचं वय आहे, असं तिने स्वतःला समजावलं. हे तिने मनातल्या मनात इतक्या गोड आवाजात म्हटलं की तिला ते लगेच पटलं. स्वतःलाही विकता येतं माणसाला.

त्यात ढब्बूलाही आवाजाचं पहिलं काम मिळायची आशा होती. एका मालिकेत आजारी मुलीचा आवाज हवा होता, आणि आवाजाची परीक्षा आठवड्यावर आली होती. संध्याकाळी ती न्हाणीघरात दार लावून सराव करायची, कारण तिथे आवाज घुमतो.

त्या संध्याकाळी आई ओट्याशी उभी होती. आतून आवाज आला, "आई... मला कसंतरी होतंय."

आई कांदा चिरत राहिली.

"आई, दिसत नाहीये मला नीट."

अरे वा, आईला वाटलं, पोरीने काय आवाज लावलाय! असा थरथरता, अर्धा तुटलेला शब्द शिकवून येत नाही. टकटक झाली नव्हती, म्हणजे सराव. नियमाप्रमाणे तिने उत्तर दिलं नाही. फक्त राहवेना म्हणून, धंद्याची खोड जाते कुठे, ती ओट्यापासूनच ओरडली, "शेवटचा शब्द अजून खाली सोड! श्वास संपल्यासारखा!"

आतून शेवटचा शब्द आला. तो खूप खाली सोडलेला होता. त्यानंतर बादली कलंडल्याचा आवाज झाला, आणि दाराखालून पाणी वाहत बाहेर आलं.

सुरी हातातून सुटली. "ढब्बू?" काही नाही. "ढब्बू, टकटक कर. ए, टकटक कर ना!" ती दारावर दोन्ही तळव्यांनी बडवू लागली. कडी आतून होती. ती किंचाळली, आयुष्यात पहिल्यांदा खरी किंचाळली, आणि भिंतीपलीकडे कुणी हललं नाही. त्यांना सवय होती. "वाचवा, कुणीतरी या!" हे वाक्य तिने याच घरातून किती मालिकांसाठी म्हटलं असेल! ती तशीच जिन्यात धावली, शेजारच्या सुतारकाकांच्या घरात शिरून त्यांचा हात धरला आणि तोंडातून शब्दच फुटेना. ती गप्प आहे हे पाहूनच काका उठले. पटाशीने त्यांनी बिजागऱ्या उचकटल्या.

पोर फरशीवर पडली होती. ओला स्वेटर अंगाला चिकटला होता आणि आत मुलगी कुठे आहे ते शोधावं लागत होतं. मोरीपाशी थेंबांची रिकामी बाटली. कपाटावरचं खोकं! कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. सुतारकाकांनी पोरीला उचललं, आणि उचलताना त्यांनी आईकडे एकदा पाहिलं, कारण वजनच लागलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या. अंगातले क्षार पार उतरलेत, हृदयाचे ठोके मधूनच चुकतायत. आजची वेळ सलाइनवर निभावली. "पण पोटात अन्न तिला स्वतःच्या मनाने घ्यावं लागेल. ते आम्हाला करता येत नाही. तुम्ही समजवा, आईचं ऐकतात मुली." पुन्हा असं झालं तर काय, हे आईने विचारलं नाही. बाईंनी सांगितलंही नाही, नुसती तिच्या खांद्यावर थाप मारून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

सकाळी ढब्बूने डोळे उघडले. आईने वाटीतलं सूप ढवळलं, चमचा पुढे केला. ओठ उघडले नाहीत.

"एक घोट घे, राजा."

काही नाही. रागही नाही. पोर शांतपणे छताकडे बघत होती, जसं सराव चालू असताना बघायची.

आईने चमचा खाली ठेवला. खाटेच्या लोखंडी दांडीवर दोनदा बोटं वाजवली. टकटक. "तू चांगली आहेस. होतीस तशीच चांगली आहेस. खाऊन घे गं."

ढब्बूने मान वळवली. तिचे डोळे गालांत बुडाले नव्हते, हाडांत बुडाले होते.

"आणि मग ते काय होतं?"

"ते काय?"

"जाहिरात. आधी टकटक केलीस तू. मग म्हणालीस, आरशाला हसू देऊ नकोस." ती थांबली, तिला धाप लागली. "पोरी म्हणत होत्या, तुझी आई सगळ्यांना सांगते, तुला नाही का सांगत? मी म्हटलं, मलाच तर सांगते."

ते काम होतं गं, चुकून बोटं वाजली, रेकॉर्डिस्ट काढणार होता, असं सगळं तिच्या जिभेवर आलं. पण चुकून वाजली का? डोळ्यांसमोर कोण होतं तेव्हा? तिने समोर हिलाच बसवलं होतं, आणि क्षणभर, एकच क्षण, तिला खरंच वाटलं होतं की पोरीने जरा बारीक व्हावं. त्याशिवाय तो आवाज लागलाच नसता. हे तिला आता कळलं.

"ते खोटं होतं," ती म्हणाली. आवाज बरोबर लागला नाही. तिने पुन्हा म्हटलं, जरा खालच्या पट्टीत. मग पुन्हा. किती आवाज होते तिच्याकडे! आईचा होता, ताईचा होता, रडक्या बाईचा होता, आणि पोर प्रत्येक ओळखत होती. तिने पुन्हा दांडीवर बोटं वाजवली. टकटक, टकटक, टकटक. शेजारच्या खाटेवरच्या आजी वळून बघू लागल्या.

"नको ना वाजवूस, आई," ढब्बू म्हणाली. "डोकं दुखतं."

समोरच्या भिंतीवर टीव्ही चालू होता. बातम्या संपल्या. टकटक, भिंतीवरून आवाज आला. औषधांचा ट्रे घेऊन चाललेल्या सिस्टरने नकळत ट्रेवर बोटं वाजवली आणि ती पुढे निघून गेली.

"खाऊन घे, बाळा," आई इकडून म्हणाली. चमच्यातलं सूप चादरीवर सांडत होतं. "ऐकतेस ना? ढब्..." आणि ते नाव तिने अर्ध्यावरच सोडलं.

"राणी," भिंतीवरची आई म्हणाली, अगदी जवळ बसवून सांगितल्यासारखी, "आरशाला हसू देऊ नकोस तुझ्यावर."

ढब्बूने डोळे मिटले, ओठ घट्ट केले. मग नियमाप्रमाणे तिने उत्तर दिलं.

"हो, आई."