पूर्णाहुतीपर्यंत

केशवचं उपरणं आणि उमाच्या शालूचा पदर एकत्र धरून गुरुजींनी करकचून गाठ मारली आणि जाहीर केलं, की ही गाठ पूर्णाहुतीपर्यंत जगातली कुठलीही शक्ती सोडवू शकणार नाही. तशी एक शक्ती उमाच्या ओटीपोटात होती. ती संकल्प संपायच्या आतच जागी झाली.

तीन वर्षं हेच चाललं होतं. लघवीच्या आधी जळजळ, होताना आग, आणि झाल्यावर पुन्हा लागल्यासारखं. एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी त्या बंद करून वेगळ्या दिल्या. तपासण्या दर वेळी निर्दोष यायच्या. “रिपोर्ट नॉर्मल आहे, मग चांगलंच की,” असं केशव म्हणायचा, आणि ते तिला अभिनंदन केल्यासारखं ऐकू यायचं. शेवटी संभाजीनगरच्या एका डॉक्टरीणबाईंनी दुखण्याला नाव दिलं, चहा-मिरची बंद केली आणि हे सांभाळूनच जगायचंय असं सांगितलं. तोवर जालना शहर उमाला रस्त्यांनी नाही, संडासांनी पाठ झालं होतं. नवीन जालन्यातला हा फ्लॅट बघायला आल्यावर सगळे गॅलरीत उभे राहून हवा खात होते. उमा दोन बाथरूम मोजून परत आली आणि “घेऊ,” म्हणाली.

आज त्याच फ्लॅटची वास्तुशांत होती. होमाचा धूर दिवाणखान्यात दाटला. उमानं पायाचा अंगठा दाबून धरला, मग दुसरा.

“मला जायचंय,” ती केशवच्या कानाशी म्हणाली.

“आत्ता? आत्ताच तर बसलो.”

“केशव.”

“थोडं धर ना. एवढे नवग्रह होऊ दे.”

नवग्रहांपैकी एकालाही घाई नव्हती.

मागे सतरंजीवर सासूबाई, उषाबाई, बसल्या होत्या. उमा त्यांना आत्याबाई म्हणायची. आष्टीहून त्या कालच आल्या होत्या. त्यांना हाक मारलेली ऐकू येत नसे, कुजबुज मात्र बरोबर यायची.

“काय म्हणून राह्यली ती?”

“काही नाही, आई.”

“बाथरूमला जायचंय, आत्याबाई,” उमा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

मंत्र थांबले. पाहुण्यांनी एकदम छताच्या पीओपीचं कौतुक सुरू केलं.

“न्हाई न्हाई, संकल्प सोडला की बाईनं उठायचं नस्तं. आष्टीच्या घराच्या वास्तूला मी सकाळपासून दिवस कलेपर्यंत बसल्ते. उठले का?”

“वहिनी, मनावर घेऊ नका, म्हणजे लागत न्हाई,” नणंद वंदना म्हणाली.

“मनावर घेतलंच नाहीये, वंदनाताई. ते बरंच खाली आहे.”

आणि उमा उठली. उपरणं गळ्यात असल्यामुळे केशवही उठला. लग्नातल्या वरातीसारखे दोघे पाहुण्यांमधून पॅसेजच्या टोकापर्यंत गेले, फक्त नवरी पुढे होती. दार लावताना फटीत पदर आला. केशव बाहेर पाठ करून उभा राहिला, हातात गाठ धरून.

आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग चार थेंब. मग दातांतून ओढलेला श्वास. तीन वर्षांत तो या दाराच्या इतक्या जवळ कधी उभा राहिला नव्हता.

पाय धुतल्याचा आवाज आला. उमा बाहेर आली.

“एवढंच?” त्यानं विचारलं.

“एवढंच. रोज एवढंच असतं.”

केशवनं उपरण्याची नसलेली चुणी नीट केली.

दोघे पाटावर येताच उषाबाई म्हणाल्या, “गुरुजी, मोडली ना पूजा? आता समदं पयल्यापासून?”

“पाय धुतलेत ना? मग आचमन करायचं आणि बसायचं,” गुरुजी समिधा रचत म्हणाले. “गाठ सोडू नका म्हणालो होतो, काकू. उठू नका असं कुठं म्हणालो?”

“हे असं कवापासून?”

“माझ्या आजोबांच्याही आधीपासून.”

उषाबाईंनी होमाकडे बघितलं. “मंग मला कुणी सांगितलं कसं न्हाई?”

“तुम्ही विचारलं होतं?”

“आदल्या सांजेपासून पाणी तोंडात घेतलं नव्हतं मी,” त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. “नंतर महिनाभर आग आग व्हायची. उन्हाळं लागलं म्हणल्ते सगळ्याला.”

वंदना पीओपीकडे बघू लागली. गुडघ्यावर हात देत उषाबाई उठल्या.

“कुठं, आई?” वंदनानं विचारलं.

“तू बस मनावर न घेता,” त्या म्हणाल्या आणि पॅसेजमध्ये गेल्या.

गुरुजींनी उमाच्या तळहातावर पळीभर पाणी घातलं. एकदा, दोनदा, तीनदा. ती ते प्यायली आणि तिनं डोळे मिटून घेतले. केशवनं तिच्या पायाच्या अंगठ्याकडे बघितलं, उपरणं गोळा केलं आणि या वेळी आधी तो उठला.

“चल,” तो म्हणाला.

“थांब. आत आत्याबाई आहेत.”

दुसऱ्या बाथरूममध्ये बिल्डरनं अजून संडासाचं भांडं बसवलेलं नव्हतं.