उद्धव सरांनी सांगितलेली विहीर

उद्धव सर आदिलाबादच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. चौऱ्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात त्यांनी वर्गात जाहीर केलं, की संक्रांतीच्या सुट्टीत जैसलमेरच्या वाळवंटात जीवाश्म शोधायला जायचं. पोरं हरखली. कारण ते वाळवंट सरांनी पायाखाली घातलेलं होतं, हे सगळ्या कॉलेजाला ठाऊक होतं.

खरं असं, की सर त्या वाळवंटात कधी गेलेच नव्हते. तेरा वर्षांपूर्वी, शिकत असताना, वर्गाची सहल निघाली होती. जोधपूरला पोचताच सरांना कावीळ झाली आणि अकरा दिवस ते तिथल्या धर्मशाळेत पडून राहिले. बाकीचे पुढे गेले. परत येताना दिनकर नावाच्या सोबत्याने गोगलगायीसारखा वळलेला एक दगड त्यांच्या उशाशी ठेवला. घरी आल्यावर सर म्हणाले, "आमच्या वर्गाला सापडला." नोकरी लागली तेव्हा ते "आम्हाला सापडला" झालं. लग्नानंतर कधीतरी "मला सापडला." हळूहळू त्या दगडाभोवती वाळूच्या टेकड्या आल्या, मेंढपाळ आले, त्यांनी दिलेलं दूध आलं.

या सहलीत तामसीकडचे चंपतराव येणार होते. साठीचे शेतकरी. विहीर खणताना त्यांना दगड झालेले शंख सापडले, ते धोतराच्या सोग्यात बांधून त्यांनी कॉलेजात आणले होते. तेव्हापासून दर शनिवारी बसने यायचे आणि मागच्या बाकावर बसून ऐकायचे. इथं एके काळी तळं होतं, हे सरांनी सांगितलं त्या दिवशी ते परत जाऊन आपल्या वावराकडे नुसते बघत राहिले होते म्हणे.

प्रयोगशाळेत बेत ठरत होता. पद्मिनी नावाची विद्यार्थिनी सरांचा शब्द न् शब्द वहीत उतरवत होती. पाण्याची गोष्ट निघाली.

"सर, तिथं हीर हाय का?" चंपतरावांनी विचारलं.

"हाय ना. टेकडीच्या खालीच."

"पानी किती हातांवर लागते?"

 "वीस हात," सर म्हणाले.

पुढच्या शनिवारी चंपतराव खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन आले. अंबाडीच्या वाखाचा, हाताने वळलेला, पीळ कुठं सैल नाही. "बाजारातला भरवशाचा नसते," ते म्हणाले. "मी अन् माही घरवाली रेणुका, दोघांनी वळला. पंचवीस हात केला. वीस हात पानी, पाच वरून धराले." पोरांनी तो प्रयोगशाळेभर पसरून मोजला. पद्मिनीने यादीतले पाण्याचे डबे बारावरून चार केले. आता विहीर होती, दोर होता.

सर म्हणाले, "उत्तम झालं. पुरून उरेल."

 चंपतराव खूश होऊन बसस्टँडकडे निघून गेले. सरांना त्यांना हाक मारता आली नाही.

संध्याकाळी त्यांनी बायकोला, वनमालाबाईंना, सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबला.

"मलेही तेच सांगत होते तुमी इतकी वर्षं?"

"हो."

"माझं राहू द्या. आठ जीव घेऊन चालले तुमी. तिथं हीर नसली तं?"



रविवारी सकाळच्या बसने ते तामसीला उतरले आणि चंपतरावांच्या गावापर्यंत चालत गेले. गावात शिरताच कोणीतरी ओरडलं, "वाळवंटवाले सर आले!" लोकांनी बाज टाकली. शेजारपाजारचे जमले. रेणुकाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तो घेताना सरांना त्यांचे तळवे दिसले. वाखाने सोलून लाल झाले होते.

सगळ्यांना जायला सांगावं, असं सरांच्या मनात आलं. मग तेवढीही सवलत घ्यायची लाज वाटली.

"चंपतराव, मी तिथं गेलोच नाई कदी," ते म्हणाले. "जोधपूरले बिमार पडून होतो. दगड माझ्या सोबत्याले सापडला. हिरीचं मी मनानंच सांगतलं."

 चंपतरावांनी जमिनीकडे बघत विचारलं,

"वीस हात काऊन म्हनलं मंग?"

"तुमी विचारलं. नाई माहीत म्हनता आलं नाई."

"अन् माह्या वावरात तळं होतं, ते?"

"ते खरं हाय. देवाशपथ खरं हाय."

"आसंल," चंपतराव म्हणाले. आवाजात राग नव्हता. "पन आता मी कोनाले विचारू, खरं हाय का म्हनून?"

रेणुकाबाईंनी चहा आणला. सरांना तो घोट घोट गिळावा लागला. एरवी पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायला जाणारे चंपतराव सर निघाले तेव्हा बाजेवरून उठले नाहीत.

सोमवारी सरांनी पोरांना सांगितलं. मागून कुणी हसलं, कुणी त्याला दटावलं. पद्मिनीने वही समोर ठेवली. "सर, यातलं काय ठेवायचं?" तिने खाली बघत विचारलं.

सर लाल पेन घेऊन बसले. डावीकडची तांबडी टेकडी, खोडली. मेंढपाळांची वस्ती, खोडली. रात्री फारशी थंडी नसते, खोडली. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि ती शेजारी उभी राहून पान उलटत होती. अकरा पानं झाली. शेवटी गाड्यांच्या वेळा उरल्या आणि जीवाश्मांची नावं.

त्याच दिवशी पोरांसमोरच त्यांनी दिनकरला पत्र लिहिलं. पहिली ओळ होती: मी तो प्रदेश पाहिलेला नाही. दिनकर जोधपूरलाच नोकरीला होता. तीन आठवड्यांनी त्याचं सहा पानी उत्तर आलं. कुठं कुणाची परवानगी लागते, माणशी पाणी किती, कोणता वाटाड्या घ्यायचा. यंदा घाईत येऊ नका, पुढच्या जानेवारीत या, मी सोबत येतो, असंही त्यानं लिहिलं होतं. सहल वर्षभर पुढे गेली. त्या वर्षात चंपतराव एकाही शनिवारी आले नाहीत.

वर्ष सरताना, डिसेंबरात, नावं पक्की करायची वेळ आली. सरांनी स्वतः जायचं धाडस केलं नाही, पद्मिनीला पाठवलं. ती परतली तेव्हा सर दिनकरच्या पत्रावरून सामानाची यादी उतरवत होते.

"येतात म्हणाले," ती म्हणाली.

"काही विचारलं का?"

पद्मिनी जरा घुटमळली. "विचारलं, नेनार कोन हाय म्हणून. मी म्हटलं, सरांचे मित्र. तर म्हणाले, मंग येतो."

सरांनी मान हलवली, यादीत चंपतरावांचं नाव लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले.