अंगठ्याखालची बाजू

दोन काळे ठिपके, आणि त्यातला एक हाडाच्या टोकापासून चांगला बोटभर खाली घसरलेला. पेन्सिल देऊन पाठीवर खूण करा म्हटलं की ही मंडळी नकाशावर मन मानेल तिथे गाव वसवतात! तिने अंगठ्याने तो ठिपका पुसला. त्यांच्यातल्याच एका पालथ्या झोपलेल्या दाढीवाल्याच्या कमरेवर काळा फराटा उठला, आणि तिला त्या फराट्याचाही राग आला. कमरेखालच्या दोन खळग्यांत हाडाची दोन टोकं असतात, त्यांच्याखाली अंगठे टेकवायचे आणि कुठला वर आहे ते बघायचं, एवढंच तर आहे. सगळे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, कुणी कुणी स्वतःचा दवाखाना चालवणारे, आणि कोर्स संपत आला तरी अंगठा कुठे ठेवायचा ते अजून सांगावंच लागतंय. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर घडासुद्धा निदान वरून ओला होतो.

"हाड दाबायचं नाहीये," ती म्हणाली. आवाज दुपारपासूनच बसला होता. "नुसता अंगठा टेकवायचा. हे बघा, याची डावी बाजू वर आलीये. डावीकडचा सांधा अडकलाय. या एकेक करून."

टेबलाच्या पायाकडे सगळ्यांनी गर्दी केली होती, म्हणून ती उशाकडे उभी राहून दाखवत होती. चष्मा काढून शेजारच्या स्टुलावर ठेवला आणि डोळे चोळत ती ऐकत राहिली. एकेक जण पायाकडून पुढे येत होता, अंगठे टेकवत होता, आणि तोंडावर तो शहाणा भाव आणत होता... "हो मॅडम, डावी." "स्पष्ट लागतेय." एकीने तर डोळे मिटले आणि म्हणाली, "चांगलीच वर आहे की!" बरं वाटलं. चार दिवसांच्या डोकेफोडीनंतर एवढं तरी पदरात पडलं — असं वाटत होतं तोवर शंकासुराची पाळी आली.

हे नाव तिच्या मदतनीस बाईंनी ठेवलेलं. उंच, किंचित वाकलेला, हातांना सतत घाम येणारा डॉक्टर. पहिल्या दिवसापासून त्याचं एकच पालुपद.

"मॅडम, मला दोन्ही सारखेच लागतायत."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. बाकी सगळ्यांना कळतं, यालाच कळत नाही! बरं, आव तरी आणावा, तेही नाही. आणि याचीच गरज सगळ्यांत मोठी. एका इस्पितळाने कंबरदुखीच्या विभागात याला घ्यायचं कबूल केलं होतं, पण हातांनी सांधे मोकळे करण्याचा, ऑस्टिओपॅथीचा हा कोर्स पास झाला तर, आणि पास-नापास तिच्या हातात. पहिली नोकरी हा सोडून बसला होता, बायकोला दिवस गेले होते. हे सगळं त्याने सांगितलेलं नव्हतं, मदतनीस बाईंनी सांगितलं होतं, म्हणून जास्तच त्रास. ज्याच्या हाताला काही लागत नाही त्याच्या हाताखाली लोकांच्या कमरा कशा द्यायच्या? त्याला नापास करायचं हे तिने सकाळीच ठरवलं होतं.

"सरका," ती म्हणाली. टेबलाला वळसा घालून ती पायाकडे आली, त्याला कोपराने बाजूला केलं आणि अंगठे टेकवले. डावी. वर. निःसंशय. "हे काय! आंधळ्यालासुद्धा लागेल."

आणि मग तिला चष्मा हवासा वाटला, म्हणून तिने वर पाहिलं. चष्मा तिकडे होता — उशाकडे, स्टुलावर. म्हणजे मघाशी ती तिकडे उभी होती. म्हणजे मघाशी जी बाजू वर लागली ती तिच्या डाव्या हाताखाली होती आणि त्याची... त्याची उजवी. उजवीच! सकाळी याला उभा करून पुढे वाकवलं तेव्हाही उजवीच अडकली होती, म्हणून तर नमुन्याला हा दाढीवाला निवडला. चूक झाली, बोलण्याच्या ओघात डावं-उजवं झालं. अशी चूक पहिल्या वर्षाची पोरं करतात. हसून सांगून टाकावी आणि पुढे जावं.

पण हे सगळे? एकामागून एक, डोळे मिटून, "चांगलीच वर आहे की"... नंदीबैल मेले! आणि हे तरी सोडून देता आलं असतं. अंगठे अजून त्या पाठीवर होते. तिला आता माहीत होतं की उजवी वर आहे, आणि अंगठ्याखाली उजवी वर आली होती. क्षणापूर्वी डावी होती, तितकीच ठाम, तितकीच निःसंशय. हाड तर हललं नव्हतं. दाढीवाला बिचारा श्वास घेत पडला होता.

नवरा नेहमी चेष्टेत म्हणतो, "तुझ्या हाताखाली आलेल्याची नाही म्हणायची टाप आहे का?" ती हसते. त्या दिवशीही हसली होती — आईची कंबर मोकळी करून दिली, आई म्हणाली, "हलकं झालं गं बाई, तुझ्या हाताला गुण आहे," आणि ती हात धुऊन परत आली तर स्वयंपाकघरात आई ओट्याला धरून, ओठ दातांत दाबून, एकेक पाऊल टाकत होती. तिला पाहिल्याबरोबर आईने ओटा सोडला आणि ताठ झाली. तेव्हा ती आईवरच खेकसली होती: नीट सांगत का नाहीस, दुखतंय तर दुखतंय म्हण! आई म्हणाली होती, "अगं, तू एवढी दमून येतेस..."

"मॅडम, डावीकडची ट्रीटमेंट करून बघू?" कुणीतरी विचारलं.

आता सांगायला हवं होतं. त्याऐवजी ती सूचना देत गेली. गुडघा दुमडा, त्याला तुमच्या हातावर ढकलू द्या, श्वास सोडताना ढिलं — सगळं झालं, निरोगी बाजूवर, यथासांग. दाढीवाला उठला, कमरेवर हात ठेवून इकडेतिकडे वळला आणि म्हणाला, "वा! एकदम मोकळं वाटतंय."

तिने कपाळाला हात लावला. डोकं दुखतंय असं वाटून मदतनीस बाईंनी पाणी आणून दिलं.

शेवटी प्रात्यक्षिकाची परीक्षा. एकेकाला पडद्याआड बोलवायचं. टेबलावर मदतनीस बाई स्वतःच पालथ्या झोपायच्या. एरवी बरोबर बाजू कुठली ते ती आधी स्वतः बघून ठेवायची, पण आज परीक्षेआधी तिने त्यांच्या पाठीला हात लावला नाही. धीरच झाला नाही. एकेक जण येऊन बाजू सांगून गेला, कुणी डावी, कुणी उजवी, बोलताना नजर पाठीवर नाही, तिच्या चेहऱ्यावर. ती चेहरा दगडासारखा ठेवून बसली होती, तरी शोधत होते बिचारे! आणि ती एकाचीच वाट पाहत होती. एवढ्या वर्षांत तिने कुणा विद्यार्थ्याची अशी वाट पाहिली नसेल. येऊ दे त्याला. म्हणू दे, सारखेच लागतायत. मी त्याला पास करीन, पहिल्या नंबराने करीन, कारण सबंध खोलीत तेवढा एकच अंगठा खोटं बोललेला नाही.

तो आला. हात पुसले. पायाकडे उभा राहिला. अंगठे खळग्यांजवळ नेले आणि ते नीट टेकायच्या आतच म्हणाला, "डावी. डावी वर आहे, मॅडम."

"नक्की?"

"अगदी स्पष्ट." तो हसला. चार दिवसांत पहिल्यांदा. "आज दुपारी एकदम कळलं. तुम्ही दाखवलंत ना, तेव्हा."

शिकला. एकदाचा शिकला! तिला त्याच्या त्या घामट हातांवर फटका मारावासा वाटला, आणि त्याच वेळी रडावंसंही वाटलं. फटका कुणाला मारायचा? त्याला घर चालवायचं होतं.

"सरका जरा," ती म्हणाली. मदतनीस बाईंच्या कमरेवर तिने अंगठे टेकवले, डोळे मिटले, आणि काहीच लागायच्या आधी मनात बसलेली ती डावी बाहेर जावी म्हणून थांबून राहिली. बाई श्वास घेत होत्या. हाताखाली नुसती ऊब होती आणि कुणाचीतरी कंबर होती, बस्स. दोन्ही सारखे... का त्याचं दुपारचं वाक्य आता माझ्या अंगठ्यात शिरलंय?

"बरोबर आहे ना, मॅडम?" तो मागून विचारत होता.

तिला खरोखरच माहीत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, उत्तर देण्याची घाई तिला होईना.