वारेचा पडदा

अंजनाला नववा लागला होता. ओटीभरणाच्या दिवशी तिच्या नवऱ्याच्या, मानसिंगच्या घरी सकाळपासून बायकांची वर्दळ होती, पण अंजनाचा जीव अडकला होता एका साडीत. पलटणीतून सुटीवर येताना मानसिंगनं कँटीनमधली गुलाबी नायलॉनची साडी आणली, ती थोरलीला, रंगूबाईला! पोर देणार आपण आणि साडी सवतीला, म्हणून तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

बारा वर्षांत रंगूबाईला मूल नव्हतं, म्हणून सासूनं, बनुबाईनं, ही दुसरी आणली होती. मिरज हाकेच्या अंतरावर, तरी थोरलीला कुणी डॉक्टरला दाखवलं नव्हतं. रान पिकलं नाही की दुसरं करायचं, ही आपली रीत.

तीच साडी नेसून रंगूबाई ओटीचं ताट घेऊन पुढं आली, तशी अंजना सगळ्यांदेखत सासूला म्हणाली, "आत्ती, अक्कांचा हात नगं ओटीला. त्यास्नी चुलीम्होरं बसवा."

रंगूबाई ताट ठेवून आत गेली. पोळ्या लाटताना पदर चुलीत पडला. नायलॉन भडकन पेटलं आणि वितळून कातडीला चिकटलं.

मिरजेच्या दवाखान्यात मानसिंग थोरलीच्या उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजायचा. अंजना दारातून बघायची. आपल्याला कधी पाजलं का असं? 'मेली तर सुटेन,' असं तिच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात आतून क्षीण आवाज आला, "अंजे, जेवलीस का गं?"

नवव्या दिवशी तिथंच अंजनाला कळा लागल्या. मुलगा झाला. बनुबाईनं बाळामागून पडलेली वार नव्या गाडग्यात घातली, तोच डॉक्टरीणबाई आल्या.

"आजी, वारेभोवतीचा पातळ पडदा द्या. रंगूबाईंची पाठ उघडी पडलीय. त्यांच्याच मांडीची कातडी काढून लावायची, पण तेवढी ताकद अजून त्यांच्यात नाही. तोवर हा पडदा धुऊन जखमेवर ठेवू. प्रयोगच आहे आमचा, खात्री देत नाही. पण या आठवड्यात सहा बाळंतपणं झाली आणि सहाही घरांनी वार बांधून नेली."

"नेनारच की!" बनुबाई कडाडली. "वार उंबऱ्याखाली पुरायची असती. वांझंच्या अंगाला लावली तर पोराचं आयुष्य ती वढून घेती!"

अंजनानं पोराकडं पाहिलं. तीही भ्याली. पण चुलीपुढं जाणारी ती पाठमोरी गुलाबी साडी काही डोळ्यांपुढून हलेना.

"आत्ती, गाडगं बाईंच्या हातात द्या."

"आन् पोराला काय झालं म्हंजे?"

"झालं तर माज्या पापानं हुईल. जळत हुती मी, आन् पेटल्या त्या. चुलीम्होरं मीच बसवलं त्यास्नी."

दारात उभ्या मानसिंगनं मान खाली घातली. बनुबाईनं गाडगं खाली ठेवलं आणि तोंड फिरवलं.

चौथ्या दिवशी अंजना पोर घेऊन थोरलीच्या खाटेशी आली. पाठीवर तो पांढुरका पडदा चिकटून बसला होता आणि ठणका कमी होता. मानसिंग वारा घालत होता. अंजना मनातून पुन्हा जळली. मत्सर काय चार दिवसांत जातो? तिनं त्याच्या हातातला पंखा काढून घेतला आणि पोर त्याच्याकडं दिलं.

"अक्का, बऱ्या व्हा बगू. पोराला पाळण्यात तुमीच घालायचं. तवर बारसं न्हाई."

रंगूबाईनं हात लांबवून पोराचं पाऊल धरलं. बारा वर्षांत तिला कुणी पाळण्याजवळ बोलावलं नव्हतं.

वाचकहो, तुमच्या घरी ओटी भरली जाईल, तेव्हा चुलीपुढं कोणाला बसवलंय, ते एकदा आत डोकावून पाहा.